दुसरा विंचू

आमच्या घरात विंचू मारला की लगेच कंदील मालवायचा नाही, असा दंडक होता. मारलेला विंचू अजून पायताणाखाली वळवळत असे, आणि आजी म्हणे, "ह्यो एक झाला. आता दुसरा हुडका." मग सगळे घर उलटेपालटे होई. अंथरुणे झटकली जात, उतरंडीची मडकी एकेक करून खाली येत, जाते जागचे हलवले जाई, चुलीमागच्या गोवऱ्या काठीने उसकटल्या जात. आम्ही मुले पेंगुळलेल्या डोळ्यांनी खाटेवर पाय वर घेऊन बसायचो. "इच्चू एकटा नसतो लेकरांनो," आजी सांगे. "एक मेला की त्येचा जोडीदार त्येच्या मागं येतोच."

बहुतेक वेळा दुसरा सापडत नसे. कधीमधी सापडे, आणि तो एकदा सापडला की आधीच्या दहा खेपा वाया गेल्या होत्या हे कोणी ध्यानात घेत नसे. पुढे मी मास्तर झालो आणि छत्तीस वर्षे शाळेत शास्त्र शिकवले. समजुती कशा टिकतात हे मुलांना सांगताना मी आजीचा हा दुसरा विंचू हटकून उदाहरणाला घेत असे. मुले हसत, मीही हसे. ते उदाहरण आता मला मागे घ्यायचे आहे. सगळे नाही, पण निम्मे तरी.

आमचे गाव भोकरदन तालुक्यात. हा तालुका आता जालना जिल्ह्यात आहे. १९८१ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला जिल्हा झाला, तोवर आम्ही औरंगाबादचे होतो. जालना म्हटले की बाहेरच्या माणसाला पोलादाचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोसंबी आठवते, आणि 'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण आम्हीही पाहुण्यांना ऐकवतो. पण आमच्या लहानपणाचे गाव म्हणजे काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि दगडमातीच्या भिंतींवर माळवद टाकलेली घरे. दगडांच्या सांदी बुजवण्याइतका चुना कोणाकडे असणार? विंचवाला याहून चांगली वसाहत कोणी मुद्दाम बांधूनही दिली नसती.

विंचू आम्हांला दोन माहीत होते. एक काळा, खेकड्यासारख्या जाड चिमट्यांचा. तो दिसला की बायका किंचाळत. दुसरा तांबूस, बोटाएवढा, चिमटे बारीक आणि शेपूट मात्र भरदार. त्याला पाहून कोणी फारसे दचकत नसे. खरे म्हणजे उलट हवे होते. जाड चिमट्यांच्या विंचवाचे विष हलके आणि बारीक चिमट्यांच्याचे जड, असा साधारण अडाखा आहे. जो भक्ष्य चिमट्यांनी चुरडू शकतो त्याला नांगीची गरज कमी. आमचा हा तांबूस विंचू जगातल्या जहरी विंचवांत गणला जातो. फाब्रिसियस नावाच्या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९८ सालीच त्याला शास्त्रीय नाव देऊन टाकले होते. आमच्या गावी त्याला नाव नव्हते. तो नुसता 'इच्चू'.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर बांधावर तांबड्या मखमलीचे किडे निघत, ते आम्ही काड्यापेटीत ओली माती घालून पाळत असू. पाय मोजले तर तेही आठ भरतात. मृगाचा किडा, कोळी आणि विंचू ही एकाच कुळातली भावंडे. पण एकाला काड्यापेटी आणि दुसऱ्याला पायताण, असा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग.

१९६७ साली दिवाळीला आठ-दहा दिवस उरले असताना आमच्या धाकट्याला विंचू चावला. तो सात वर्षांचा होता, मी अकरा. घर सारवायला काढले होते. आईने त्याला परसातल्या ढिगातून चार गोवऱ्या आणायला सांगितले. आईने सांगितले, हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे पन्नास वर्षे ती स्वतः ते कधी म्हणाली नाही आणि एक दिवसही विसरली नाही. तो बोट धरून ओरडत आला. वडिलांनी गोवरी उलटून विंचू शोधला आणि दगडाने ठेचला. तांबूस होता. सगळ्यांना हायसे वाटले. काळा नव्हता ना!

मांत्रिक आला, कडुलिंबाचा पाला झाला, कसलेसे मूळ उगाळून लावले. दुखणे तासाभरात ओसरले, आणि आम्ही समजलो की विष उतरले. मग त्याला उलट्या सुरू झाल्या. अंगरखा पिळून काढावा इतका घाम आला आणि हातपाय बर्फासारखे गार पडले. रात्री उशिरा बैलगाडी जुंपली. सतरा-अठरा मैलांवरच्या दवाखान्यात पोचेतो उजाडले होते. तिथल्या डॉक्टरांनी जे हाताशी होते ते सारे केले. त्या काळी कोणाच्याच हाताशी फारसे काही नव्हते. त्याला श्वास पुरेना. तोंडातून गुलाबी फेस येऊ लागला. दुपारी तो गेला.

गाडी संध्याकाळी परत आली. अंगण माणसांनी भरले होते. त्या गर्दीतून आई उठली, कंदील घेऊन परसात गेली आणि गोवऱ्यांचा ढीग एकेक गोवरी करून उपसू लागली. बायका तिला धरायला धावल्या. ती कोणाशी बोलली नाही. शेवटची गोवरी उचलून तिने खालची जमीन पाहिली, हाताने चाचपली. दुसरा सापडला नाही. आजी तिला आत घेऊन आली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत राखेच्या रंगाचे झाले होते.

त्यानंतर आईने तो ढीग परसात पुन्हा रचला नाही. मात्र दुसरा शोधायचे तिने सोडले नाही. आजी वारल्यावर दंडक आईने चालवला, आणि आजीच्या वेळी त्यात जी थोडी गंमत असे ती उरली नाही. गावात जत्रेला भारुडे होत. पैठण आम्हांला लांब नाही, आणि नाथांचे विंचवाचे भारुड सोंगाड्या उड्या मारून मारून म्हणे, तेव्हा सगळी जत्रा लोटपोट व्हायची. नाथांनी त्यात विंचवाला माणसाच्या विकारांचे रूप दिले आहे, हे मला फार पुढे कळले. आई ते भारुड सुरू झाले की पदर सावरून उठायची आणि घरी निघून यायची.

धाकट्याला नेमके काय झाले हे मला वीस वर्षांनी समजले, आणि समजावणारा माणूस आमच्याच मातीतला निघाला. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. जन्म १९५१ चा, म्हणजे धाकट्याला विंचू चावला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पुढे ते डॉक्टर होऊन १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. कोकणात लाल विंचू उदंड. तिथे त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढून एकेकाची नाडी, घाम, रक्तदाब, श्वास टिपून ठेवला. हे विष अंगातल्या नसांना असे काही चेतवते की अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा शरीरात पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. गार पडलेले हातपाय, घाम, गुलाबी फेस, सगळे त्या हिशेबात बसत होते. १९८२ साली त्यांचा पहिला मोठा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. १९८६ साली त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबावरच्या साध्या गोळीचा अनुभव त्याच नियतकालिकात मांडला. पूर्वी दवाखान्यात आलेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरांत तीस-चाळीस दगावत. त्या गोळीने ते प्रमाण चारांच्याही खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा जिल्ह्यात पेढे वाटले गेले असतील. मी त्या दिवशी कोणाशी बोललो नाही. अभिमान होताच, पण मन पुन्हा पुन्हा त्या बैलगाडीत जाऊन बसत होते.

हे झाले विषाचे. दुसऱ्या विंचवाचे कोडे सुटायला मला सत्तरीकडे झुकावे लागले.

२०१७ साली मी निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. पोळा होऊन गणपती बसले होते आणि मी गावी गेलो होतो. मधला भाऊ शेती पाहतो. त्याची मुलगी तेव्हा प्राणिशास्त्र शिकत होती. तीही सुटीला आली होती. संध्याकाळी आम्ही कपाशीत गेलो. पिकात काठ्या रोवून त्यांना पिवळी नरसाळी आणि खाली प्लास्टिकच्या पिशव्या लटकवल्या होत्या. "हे कामगंध सापळे," भाऊ म्हणाला. आत रबराची इवलीशी गोळी असते, तिला बोंडअळीच्या मादीचा वास लावलेला असतो. नर पतंग भुलून येतात आणि पिशवीत पडतात. (त्या साली गुलाबी बोंडअळीने पुढे किती कपाशी खाल्ली ते मराठवाडा आणि विदर्भ विसरलेला नाही, पण ती गोष्ट निराळी.) कामगंध! कोणा कृषी अधिकाऱ्याने हा शब्द घडवला असेल तर त्याला एखादे बक्षीस द्यायला हवे. इतका नेमका शब्द आमच्या साहित्यिकांनाही क्वचित साधतो.

"काका, हा गंध फक्त पतंगांचा नसतो," पुतणी म्हणाली. "रात्री बांधावर या, दाखवते."

जेवणे झाल्यावर ती एक लहानशी बॅटरी घेऊन आली. तिचा उजेड जांभळा, जवळजवळ न दिसणारा. अतिनील प्रकाश पडला की विंचवाची पाठ हिरव्यानिळ्या रंगाने उजळते, हे मी वाचले होते. वाचणे वेगळे. बांधाच्या दगडी ताटीवर तिने बॅटरी फिरवली आणि काळोखात एकेक विंचू दिव्यासारखा लागत गेला. दहा पावलांत सात! लहानपणी ज्या भिंतीला टेकून मी धडे पाठ केले तीच ती भिंत. माझ्या पायांतले बळ गेले, हे कबूल करतो.

मग ती एकदम थांबली आणि कुजबुजली, "हलू नका." एका सपाट दगडावर दोघे होते. एकाने दुसऱ्याचे दोन्ही चिमटे आपल्या चिमट्यांत धरले होते, जशा मुली फुगडीला हात धरतात तसे. तो मागे सरके, ती पुढे येई. ती अडे, तो थांबे, सगळे अंग थरथरवी, पुन्हा ओढी. अर्धा तास तरी आम्ही उभे होतो. फ्रान्समध्ये फाब्र नावाच्या म्हाताऱ्या शिक्षकाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कंदिलाच्या उजेडात हाच फेर रात्र रात्र पाहिला आणि रसाळ लिहून ठेवला. त्यालाही एक गोष्ट दिसली नव्हती. नर हा सगळा खटाटोप करतो तो कठीण, सपाट जागा शोधण्यासाठी. ती सापडली की तो शुक्राची एक पुडी दगडाला चिकटवतो आणि मादीला नेमकी तिच्यावर आणतो. हे १९५५ च्या सुमाराला उमगले. ते झाले की नर काढता पाय घेतो; रेंगाळला तर जोडीदारीण त्याला खाऊनही टाकते.

"पण काळोखात त्याला ती सापडली कशी?" मी विचारले. विंचवाला डोळे असून नसल्यासारखे.

"फणीनं," पुतणी म्हणाली. सापडलेल्यांपैकी एक नर लांब चिमट्याने काचेच्या बरणीत घेऊन तिने मला खालून दाखवला. पोटाखाली, शेवटच्या पायांच्या मागे, दोन फण्या होत्या. खऱ्याच फण्या, उवा काढायच्या असतात तशा बारीक दात्यांच्या. एकेकीला तीस-पस्तीस दाते. साऱ्या प्राणिसृष्टीत हा अवयव फक्त विंचवाला आहे. प्रत्येक दात्याच्या टोकाला शेकडो सूक्ष्म खुंट्या असतात आणि त्यांना जमिनीची चव कळते, वास म्हणा हवे तर. चालता चालता विंचू ही फणी जमिनीवरून फिरवीत जातो. नराच्या फण्या मादीपेक्षा मोठ्या असतात, कारण शोधायचे काम त्याचे. मादी जिथून गेली तिथल्या मातीवर तिचा माग राहतो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या विंचवांवर गॅफिन आणि ब्राउनेल या दोघांनी प्रयोग करून १९९२ साली छापले: मादी ज्या जागेवर वावरून गेली आहे, ती समोर नसली तरी, तिथे नर आला की त्याची चाल बदलते, फणी झपाट्याने फिरू लागते आणि तो जोडीदाराला भेटल्यासारखे वागू लागतो. हंगामात विंचवांतला नर मादीहून जास्त भटकतो. ती बिळात, सांदीत, ढिगाखाली बसून असते. हा तिच्या मागावर घरेदारे पालथी घालतो.

मी मटकन बांधावर बसलो. आजीचा दुसरा विंचू! मेलेल्याचा सूड घ्यायला तो येत नव्हता, एवढे माझे शास्त्र खरे. पण एक सापडला तर त्याच्या मागावर दुसरा असू शकतो, हे तिचे म्हणणे खरे होते. मी छत्तीस वर्षे त्यावर मुलांना हसवले.

त्या रात्री पुतणीने मला कोळ्यांचेही बरेच सांगितले, आणि मग मी हाती येईल ते वाचत गेलो. कोळी नाक नसून वास घेतो, हे कित्येक वर्षांपासून ठाऊक होते. मादीच्या जाळ्याच्या धाग्यालाच तिचा कामगंध असतो. १९९३ साली असा पहिला गंध रसायन म्हणून ओळखला गेला, युरोपातल्या एका चादरजाळ्या कोळ्याचा. अमेरिकेतल्या त्याच्या एका नातलगाची गंमत तर १९८६ सालीच छापून आली होती: नर मादीच्या जाळ्यावर पोचला की ते गुंडाळून त्याचा बोळा करतो, म्हणजे वास पसरणे थांबते आणि दुसरा कोणी उमेदवार यायचा नाही. लग्न ठरल्याबरोबर मुलीचे नाव वधूवर मंडळातून कमी करणाऱ्या सावध मामांची मला आठवण झाली. आमच्या बांधावर आश्विनात जाळ्याच्या मधोमध पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली काढून जी जाडी कोळीण बसते, तिच्या युरोपातल्या बहिणीचा गंध २०१० साली सापडला. तिचा नवरा तिच्यापुढे अगदी चिमणा. पण हा वास नर कशाने घेतो हे काही उलगडत नव्हते. ते २०२५ च्या आरंभी जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या संशोधकांनी दाखवले: नराच्या चालायच्या पायांवर हजारो सूक्ष्म, सच्छिद्र केस आहेत आणि हवेतून आलेला मादीचा गंध ते टिपतात. मादीच्या पायांवर ते नाहीत. आपण वास नाकाने घेतो आणि मग पावले तिकडे वळतात. कोळ्याचे पाऊलच आधी ओळखते.

पण हे सगळे पुढचे. त्या रात्री आम्ही बांधावरून घरी आलो तेव्हा आई जागी होती. त्र्याऐंशी वर्षांची, ओसरीवर खाटेवर बसलेली. पुतणीने उत्साहाने तिला सगळे सांगून टाकले. मी खुणेने तिला थांबवू पाहत होतो, पण उशीर झाला होता. आईने फेराची गोष्ट ऐकली, फणीची ऐकली. मादी ढिगाखाली बसून असते आणि नर तिला हुडकत येतो, हेही ऐकले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने मला विचारले,

"त्यो मारलेला नर व्हता का मादी?"

कुठला, हे विचारायची गरज नव्हती. पन्नास वर्षांत या घरात पाचपन्नास विंचू मारले गेले असतील, पण आमच्या दोघांच्या बोलण्यात 'त्यो' एकच.

"मला काय ठाऊक, माय? मी तेव्हा केवढा होतो."

"मी पाह्यला व्हता," ती म्हणाली. "बारका व्हता. लांबुडका. पोटात काई नव्हतं त्येच्या."

पुतणी माझ्याकडे पाहू लागली. नर अंगाने सडपातळ असतो, हे तिनेच मला तासाभरापूर्वी सांगितले होते. "आज्जी, तेवढ्यावरून नाही सांगता येत," ती हळूच म्हणाली.

"मंग ती आतच व्हती," आई म्हणाली. "मी समदा ढीग उपसला गं. एक बी गोवरी ठिवली न्हाई."

ती उठली. आधाराला हात पुढे केला तो मी धरला, आणि आम्ही तिघे परसात गेलो. जिथे तो ढीग होता तिथे आता शहाबादी फरशी आहे. भाऊ तिथे मोटारसायकल लावतो. आईने पुतणीला बॅटरी लावायला सांगितली. जांभळा उजेड फरशीवरून गेला, भिंतीच्या कडेने गेला, मोटारसायकलच्या चाकांमागे गेला. फरशीच्या दोन सांध्यांपाशी आईने तिला पुन्हा पुन्हा उजेड धरायला लावले आणि स्वतः वाकून पाहिले. कुठेही काही उजळले नाही. पुतणीचे मनगट दुखत असेल, पण ती बॅटरी धरून उभी राहिली.

शेवटी आईने हात लांबवला, अंगठ्याने चाचपून बॅटरीचे बटण स्वतःच दाबले आणि म्हणाली, "चला, झोपा आता."